तेरा दिवसांचे धरणे

संतवाङ्मयाविषयी लिहिताना आणि शिकविताना 'शरणागती' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. संकटकाळी भक्ताने नम्र असावे, देवावर भरवसा ठेवावा आणि त्याच्या कृपेची मुकाट्याने वाट पाहावी, एवढा अर्थ गृहीत धरून आपण चालतो. आधाराला तुकोबांचा एक सुप्रसिद्ध अभंग सदैव हाताशी असतो. वाट्याला आलेली स्थिती समाधानाने स्वीकारावी, असा उपदेश करणारा तो अभंग शाळांच्या भिंतींवर, दिनदर्शिकांवर आणि शोकसभांतील भाषणांत इतक्यांदा भेटतो की, तुकोबांची सारी प्रतीक्षा त्यातच सामावली आहे असे वाटू लागते. राजवाड्यांनी संतांना 'संताळे' म्हणून हिणविले, आणि त्यांच्या शिकवणुकीने समाज निष्क्रिय झाला असा ठपका ठेवला, तो याच समजुतीच्या बळावर. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याआधीच उलट बाजू मांडली होती. पुढे गं. बा. सरदार यांनी 'संतवाङ्मयाची सामाजिक फलश्रुति' (१९५०) या पुस्तकात तो प्रश्न पुष्कळ संयमाने हाताळला. परंतु संतांनी समाजासाठी काय केले आणि काय केले नाही, या वादाच्या भरात एक साधा प्रश्न मागे राहून गेला. भक्त वाट पाहतो म्हणजे नेमके काय करतो?

हा प्रश्न मला ग्रंथांनी सुचविला नाही, एका विद्यार्थ्याने सुचविला. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्याचा आणि ते तेरा दिवस अन्नपाण्यावाचून नदीकाठी बसून राहिल्याचा प्रसंग मी वर्गात सांगत होतो. सांगण्याचा ओघ भाविकतेकडे झुकू लागला होता हेही कबूल करतो. तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगा उठून म्हणाला, "सर, हा विश्वास झाला की सक्ती?" वर्ग हसला. मीही त्या वेळी काहीतरी उत्तर देऊन पुढे गेलो. पण प्रश्न खरा होता. जो नम्र आहे तो उपाशी बसून देवाला अडवून धरील काय? आणि ज्याचा भरवसा आहे, त्याला अडवून धरण्याची गरज तरी का पडावी?

या प्रसंगाची सामग्री प्रथम नीट लावून घेतली पाहिजे. तुकोबांनी आपल्या आयुष्याची हकीकत एका अभंगात स्वतःच सांगितली आहे. संतांनी विचारले म्हणून सांगतो, नाहीतर असे सांगू नये, असा संकोच त्यात प्रारंभीच व्यक्त झाला आहे. शूद्र कुळात जन्म, व्यवसाय वाण्याचा, आईबाप गेल्यावर आलेले दुःख, मग दुष्काळ. १६३०च्या सुमारास दख्खनेत पडलेल्या त्या भयंकर दुष्काळाने द्रव्य नेले आणि त्याबरोबर मानही नेला. एक बायको अन्न अन्न करीत मेली. व्यापार तोट्यात गेला. मग पडक्या देवळाची डागडुजी करण्याचे मनात आले, कीर्तनात उभे राहणे आले, स्वप्नातील गुरूपदेश आला, कवित्वाची स्फूर्ती आली. आणि मग कुठूनसा निषेधाचा आघात झाला, मन दुखावले, वह्या बुडाल्या, आणि तुकोबा बसले. काय करीत बसले, यासाठी त्यांनी स्वतः वापरलेला शब्द आहे 'धरणे'. त्यानंतर नारायणाने समाधान केले, एवढे सांगून तो विषय ते आटोपतात. बायकोच्या मृत्यूइतक्याच थोडक्या शब्दांत.

'धरणे' हा शब्द आता मोर्चे आणि निवेदने यांच्या सोबतीने ऐकू येतो, म्हणून त्याची मूळ धार आपल्या ध्यानात येत नाही. धरणे हा प्रामुख्याने सावकारी व्यवहारातील उपाय होता. ऋणको पैसे देत नाही, दाद कोणी घेत नाही, अशा वेळी धनको त्याच्या दारात जाऊन उपाशी बसे. दारातला माणूस उपाशी असता घरातल्याने जेवणे हे लोकरीतीला सोसण्यासारखे नसे. धनको दारात मेलाच, तर त्याच्या हत्येचे पाप घरधन्याच्या माथी येई. म्हणून या कामी ब्राह्मण बसविण्याची चाल पडली होती, कारण ब्रह्महत्येइतके भय दुसऱ्या कशाचेच नसे. ही चाल इतकी दृढमूल होती की, १८६०च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ५०८मध्ये तिची दखल घ्यावी लागली. दैवी कोपाचे भय घालून एखाद्याकडून काही करवून घेणे हा त्या कलमाखाली गुन्हा ठरविला होता, आणि त्याचे पहिलेच उदाहरण म्हणून दारात धरणे धरून बसणारा माणूस दिला होता. देवाच्या दारी व्याधी बरी व्हावी, संतती व्हावी म्हणून धरणे धरण्याची रीतही होतीच. पण तिचे बळसुद्धा या सावकारी धरण्यावरूनच आलेले दिसते.

आता हे ध्यानात ठेवून तुकोबांकडे पाहावे. धरण्याचे शस्त्र चालते ते धरणाऱ्याच्या जातीच्या आणि देवाच्या भयाच्या जोरावर. येथे धरणारा आहे देहूचा एक दिवाळे निघालेला वाणी. त्याच्या वह्या बुडाल्या त्याही, परंपरा सांगते त्याप्रमाणे, शूद्राने अशी वाणी बोलू नये या आक्षेपापायी. त्याच्या मरणाने कोणाला ब्रह्महत्या लागणार नव्हती. आणि ज्याच्यावर धरणे धरले तो तर देव. ऋणको देवाला भितो म्हणून धरणे फळते, पण देवच ऋणको असला तर त्याला कोणाचे भय घालायचे?

तुकोबांनी ते घातले आहे. या प्रसंगाचे म्हणून जे अभंग गाथेत आढळतात, त्यांपैकी एकात ते विठ्ठलाला सरळ सांगतात की, अन्नावाचून तेरा दिवस झाले तरी तू पावत नाहीस, दगडाची खोळ पांघरून बसला आहेस, तुला झाले आहे तरी काय? मी तुझ्यावर प्राण देईन आणि माझी हत्या तुझ्या माथी घालीन. एवढे धाडस ब्राह्मण धनकोनेही मनुष्यापुढे करताना विचार केला असता. दगडाची खोळ ही प्रतिमा तर क्षणभर थांबवणारी आहे. मूर्ती दगडाची असते हे कोणालाही ठाऊक आहे. नास्तिकाची ती नेहमीची थट्टा आहे. तुकोबा तीच थट्टा उचलतात, पण मूर्तीत देव नाही असे म्हणत नाहीत. आत देव आहे, त्याला ऐकूही येते आहे, आणि तो मुद्दाम अंगावर दगड ओढून निजल्याचे सोंग करीत आहे, असा तो आरोप आहे. बाहेर कोणी हाका मारीत असताना पांघरूण डोक्यावरून ओढून घेणाऱ्या माणसाला आपण जे बोलू, तेच बोलणे येथे आहे. या आरोपात अविश्वास शोधणाऱ्याने आधी हे पाहावे की, आत कोणी नाही असे ज्याला वाटते, तो दार ठोठावीत तेरा दिवस बसत नाही. दिवाळखोराच्या दारी कोणी धरणे धरीत नाही, हे वाण्याच्या घरी वाढलेल्या तुकोबांना आपल्यापेक्षा अधिक चांगले माहीत होते.

शिवाय त्या धमकीतील संबोधने पाहावीत. मायबाप म्हणून हाक आहे, 'विठाबाई' म्हणून हाक आहे. हत्येची धमकी आणि आईला मारलेली हाक एकाच श्वासात येतात. सावकाराने ऋणकोला आई म्हटल्याचे कोठे ऐकिवात नाही. म्हणजे धरण्याचा सारा आकार सावकारी असून आतील नाते लेकराचे आहे. रुसून जेवण टाकणारे मूल आईला नेमकी हीच धमकी देते, आणि ती लागू पडणार याची त्याला खात्री असते. तुकोबांचा भरवसा कोठे आहे असे विचारल्यास तो या खात्रीत आहे. शांत, स्थिर, समाधानी अशा अवस्थेत तो शोधू जाल तर या अभंगांत तरी तो सापडणार नाही.

येथे गुरुदेव रा. द. रानडे यांच्या विवेचनाची आठवण होणे अपरिहार्य आहे. जमखंडीत जन्मलेल्या आणि निंबाळ येथे देह ठेवलेल्या या तत्त्ववेत्त्याचे ऋण सीमाभागातील आपल्यासारख्या वाचकांना विशेष जाणवते. महाराष्ट्रातील संतांच्या साक्षात्कारमार्गावरील १९३३ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी तुकोबांच्या या व्याकुळतेला पाश्चात्य अनुभाववाद्यांच्या परिभाषेत आत्म्याची अंधारी रात्र म्हटले. तुकोबांना जगातील थोर साक्षात्काऱ्यांच्या पंक्तीला त्यांनी ज्या अधिकाराने बसविले, तो अधिकार माझ्यासारख्याचा नव्हे. तरीही ही परिभाषा या प्रसंगाला पुरी पडत नाही असे नम्रपणे नोंदवावेसे वाटते. अंधारी रात्र ही एकट्या जीवाची असते, आतली असते, आणि पुढे येणाऱ्या प्रकाशाची ती पायरी असते. साधकाने ती ओलांडायची असते. तुकोबांचे धरणे भर दिवसा, गावाच्या डोळ्यांदेखत, नदीच्या काठी चालले होते. येणारेजाणारे बघत होते, बोलत होते. त्या बोलण्याचा डंख तुकोबांना किती लागला हे पुढच्या अभंगांत दिसते. पायरी म्हणून पाहिले की धरणे केवळ एका अनुभवाचा पूर्वार्ध होऊन बसते. त्यात दोन पक्ष आहेत, त्यांच्यात देणेघेणे आहे, आणि एकाने दुसऱ्याच्या शब्दाला त्याला धरून ठेवले आहे, हे सारे पुसून जाते. ब्रीद हा शब्द तुकोबा वारंवार वापरतात तो उगीच नव्हे. पतितपावन म्हणवून घेतोस ना, मग ते खरे करून दाखव, हा त्या धरण्याचा दस्तऐवज आहे.

दस्तऐवज हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. महिपतीने सांगितलेली एक कथा सर्वांच्या परिचयाची आहे. तुकोबांनी घरातील कर्जखतांची वाटणी धाकटा भाऊ कान्होबा याच्याशी केली, त्याच्या वाट्याची खते त्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडविली. महिपती तुकोबांनंतर शंभरावर वर्षांनी लिहीत होता. त्याच्या 'भक्तलीलामृता'चा काळ १७७४ आहे, त्यामुळे प्रत्येक तपशील इतिहास म्हणून स्वीकारण्याचे कारण नाही. पण कथा म्हणून तिची जुळणी विलक्षण आहे. ज्या नदीत एकदा तुकोबांनी लोकांकडील आपले येणे बुडविले, त्याच नदीत लोकांनी त्यांना त्यांची कविता बुडवायला लाविली. माणसांवरचे सारे दावे सोडून दिलेल्या या सावकाराने आयुष्यात एकच धरणे धरले, आणि तेही देवावर.

येथवर आलेल्या वाचकाला तुकोबांच्या भांडखोर भक्तीचे कौतुक करून थांबावेसे वाटेल. आपल्याकडील पुष्कळ विवेचन नेमके तेथेच थांबते. देवाशी भांडण्याचा अधिकार, भक्ताची सलगी, प्रेमाचा कलह हे आता ठरीव मथळे झाले आहेत. पण प्रसंग तेथे संपत नाही. वह्या परत मिळाल्यानंतरचे अभंग माझ्या मते अधिक मोलाचे आहेत आणि तुलनेने फारच कमी वाचले जातात.

वह्या कशा मिळाल्या याचा निर्णय करण्याचे काम प्रस्तुत लेखाचे नव्हे. त्या पाण्यावर तरंगत आल्या असे परंपरा मानते. लोकांना अभंग मुखोद्गत होते, त्यांतून त्या पुन्हा लिहून काढल्या, असे अलीकडचे कित्येकजण मानतात. देहूला 'भिजकी वही' म्हणून ओळखली जाणारी एक वही जतन करून ठेवलेली आहे, तीविषयी संशोधकांनी बोलावे. आपल्यापुढे आहेत ते तुकोबांचे शब्द. त्या शब्दांत प्रथम येते ती आईच्या धावत येण्याची प्रतिमा. ती सावरायलाही न थांबता, बाळाच्या वेषात जवळ आली आणि आलिंगन देऊन निवविले. आई बाळाच्या रूपाने आली, ही उलटापालट भाविकपणे वाचताना सहज निसटून जाते. तेरा दिवस लेकरू होऊन रुसलेल्या भक्तापुढे देव स्वतःच लेकरू होऊन आला. आता समजूत कोणी कोणाची काढायची?

आणि मग, जेथे विजयाचा उद्गार अपेक्षित आहे तेथे, लाज येते. अन्याय माझ्याकडून झाला, असे तुकोबा म्हणतात. मी तुझा अंत पाहिला. लोकांच्या बोलण्यापायी मी चित्त क्षुब्ध होऊ दिले, तुला शिणविले. डोळे झाकून तेरा दिवस पडून राहिलो, तहानभुकेचे सारे ओझे तुझ्यावर टाकले. जो मघा हत्येचे पाप देवाच्या माथी घालू पाहत होता, तो आता स्वतःला जातिहीन, अधम म्हणतो. आणखी एका अभंगात तर ते म्हणतात की, कोणी माझी मान कापली तरी चालेल, दुर्जनांनी पीडा द्यावी, पण तुला शीण होईल असे मी आता कदापि करणार नाही. एकदा माझ्या हातून चूक झाली. माझा अधिकार काय याचा मी विचार केला नाही.

ही नम्रता आपल्या परिचयाची नम्रता नव्हे. ती प्रतीक्षेच्या आधी, प्रतीक्षेची अट म्हणून आलेली नाही. संकटात सापडलेल्या माणसाला आपण जी शिकवतो ती नम्रता अशी असते: मागू नकोस, तक्रार करू नकोस, मिळेल तेव्हा मिळेल. तुकोबांनी मागितले, तक्रार केली, धमकीही दिली. मिळाल्यावर मात्र त्यांची मान खाली गेली. न मिळता झुकलेली मान आणि मिळाल्यावर झुकलेली मान यांत अंतर आहे. पहिलीत पुष्कळदा निराशा असते, आणि क्वचित् हिशेबही असतो, की नम्र राहिलो तर लवकर मिळेल. दुसरीत हिशेबाला जागाच उरत नाही, कारण हिशेब चुकता झालेला असतो.

पण तुकोबांना लाज नेमकी कशाची वाटली? मागितल्याची नव्हे. त्या अभंगातील एका प्रतिमेकडे माझ्या वाचनात तरी फारसे कोणी लक्ष वेधलेले नाही. तुकोबा म्हणतात की, वह्या राखण्यासाठी मी तुला पाण्यात उभे केले. वह्या तरंगल्या असे ते येथे म्हणत नाहीत. नदीने राखल्या असेही म्हणत नाहीत. देव पाण्यात उभा होता. तेरा दिवस. काठावर डोळे मिटून बसलेल्या माणसाला वाटत होते की, वाट आपण पाहत आहोत, शीण आपल्याला होत आहे, आणि पलीकडचा दगड पांघरून स्वस्थ पडला आहे. डोळे उघडल्यावर कळले की, तो सारा वेळ दुसरा कोणी नदीत उभा होता, ओला, कागद सांभाळीत. मिटलेल्या डोळ्यांचा उल्लेख तुकोबा मुद्दाम करतात तो यासाठीच असावा. उपोषण करणाऱ्याने डोळे मिटणे ही ध्यानाची खूण, तीच येथे न दिसण्याची खूण झाली आहे.

पंढरीच्या दैवताची मूळ कथाच उभे राहण्याची आहे हे येथे आठवावे. आईबापांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने देवाकडे वीट भिरकाविली आणि देव तीवर उभा राहिला, तो अद्याप उभाच आहे. अन्य दैवते सिंहासनावर बसतात, शेषावर पहुडतात, नृत्य करतात. हा एक कमरेवर हात ठेवून थांबून राहिला आहे. वारकऱ्याने वाट पाहावी हे खरे, पण ज्याची वाट पाहायची तो आधीपासूनच वाट पाहत थांबला आहे, हे या संप्रदायाचे पहिले गृहीत आहे. तुकोबांना ते लहानपणापासून ठाऊक होते. घरात विठ्ठलाची पूजा पिढ्यान्पिढ्या चालत आलेली. आठशे वर्षांच्या कथेतील विटेवरचा देव आणि या आठवड्यात आपल्यापायी इंद्रायणीत उभा राहिलेला देव, यांत मात्र अंतर आहे. पहिला माहीत असतो. दुसऱ्याची लाज वाटते.

त्याच ठिकाणी आणखी एक शब्द आहे. पाण्यात राखले त्यांना तुकोबा अभंग म्हणत नाहीत, वाणी म्हणत नाहीत, 'कागद' म्हणतात. आपल्या कवितेचा एवढा मोठा गौरव होत असताना कवीने तिला कागद म्हणावे हे सहज घडलेले असेल. प्रत्येक शब्दात हेतू पाहण्याचा आम्हा मास्तरांचा रोग मला परिचित आहे. तरीही वाण्याच्या घरात कागद म्हणजे काय हे विसरता येत नाही. कर्जखत हाही कागदच. स्वतःच्या हाताने बुडविलेले कागद गेले ते गेलेच, त्यांबद्दल कोणी धरणे धरले नाही. हे कागद मात्र कोणी पाण्यात उभे राहून राखले. महिपतीची कथा खरी असो वा नसो, कागद हा शब्द वापरताना तुकोबांच्या मनात दोन्ही कागद असावेत असे मला वाटते. सिद्ध करता येणार नाही.

लाजेच्या या अभंगात एक अवघड जागा आहे, तीही लपवू नये. जातिहीनपणाचा उल्लेख आजच्या वाचकाला खटकतो आणि खटकावाच. वह्या बुडविणाऱ्यांनी जे म्हटले तेच तुकोबा स्वतःविषयी म्हणतात काय? मला तसे वाटत नाही. विरोधकांचा आक्षेप होता की, या जातीच्या माणसाला बोलण्याचा अधिकार नाही. त्या आक्षेपाला वह्यांनीच उत्तर दिले होते. तुकोबांना बोलण्याचा पश्चात्ताप कोठेही झालेला नाही. त्यानंतर ते गप्प बसले असे तर गाथा मुळीच सांगत नाही. पश्चात्ताप आहे तो धरण्याचा. अधिकार कसला नव्हता, तर देवाला शिणविण्याचा. शब्द समाजाचाच आहे, त्याचा रोख मात्र त्यांनी वळविला आहे. तरी तो शब्द तेथे आहे, आणि तो वाचताना आपण अडखळलो नाही तर आपलेच काही चुकले, एवढे म्हणून पुढे जातो.

आणि ज्या रामेश्वरभट्टांकडे परंपरा या विरोधाचे मूळ दाखविते, त्यांचे पुढे काय झाले? ते तुकोबांचे अनुयायी झाले. वारकरी आजही कीर्तनाच्या शेवटी तुकोबांची जी आरती म्हणतात ती त्यांचीच. सागरावर रामाने पाषाण तारिले त्याप्रमाणे तुकोबांचे अभंग उदकात राखले गेले, असा दाखला त्या आरतीत आहे. आरती म्हणून ती गोड आहे. परंतु तुकोबांचा अभंग आणि ही आरती शेजारी ठेवून पाहावी. आरतीत प्रताप आहे, तुलना आहे, चमत्कार आहे; पाण्यात उभ्या राहिलेल्या देवाचा शीण मात्र नाही. ज्याला लाज वाटली त्याला शीण दिसला. रामेश्वरभट्टांनाही लाज वाटली असेलच, पण ती तुकोबांपुढे.

असा अनुभव केवळ वारकरी परंपरेचाच आहे असे समजण्याचे कारण नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत, हे सर्वश्रुत आहे. त्या सेतूचा एक खांब हा असावा असा माझा तर्क आहे. जुन्या करारातील स्तोत्रांत देवाला जाब विचारणारी स्तोत्रे थोडीथोडकी नाहीत. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, त्यात शेवटी समाधानाचा एक शब्दही येत नाही. इंद्रायणीकाठच्या तेरा दिवसांतील अभंग ज्याने वाचले आहेत, त्याला ते परके वाटणार नाही. मराठीत ही जुन्या कराराची कथा प्रथम विस्ताराने सांगितली ती गोव्यात, फादर स्टीफन्स यांनी. १६१६ साली छापलेल्या त्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'च्या पहिल्या पुराणात तारक येईपर्यंतच्या पिढ्यान्पिढ्यांची कथा आहे. ती प्रतीक्षा एका समूहाची आहे, तिला काळाचे मोठे माप आहे आणि ओवीचा संथपणा तिला शोभतो. तेरा दिवसांच्या एका माणसाच्या धरण्याला अभंगाचा आखूड, तुटक चरणच हवा होता. दोन्ही ग्रंथकार एकाच शतकात मराठी लिहीत होते, याचे भान आपल्या वाङ्मयेतिहासांत पुरेसे उमटलेले नाही. पण तो स्वतंत्र विषय आहे.

अलीकडे तुकोबांकडे कवी म्हणून पाहण्याची दृष्टी दृढ झाली. वडोदऱ्यात जन्मलेल्या दिलीप चित्रे यांच्या 'पुन्हा तुकाराम' (१९९०) या पुस्तकाचा आणि त्यांच्या इंग्रजी अनुवादांचा त्यात मोठा वाटा आहे. कवी म्हणून पाहणाऱ्याला वह्यांचे बुडणे अधिक जिव्हारी लागते, आणि ते योग्यच आहे. संतचरित्रकाराला वह्या हे निमित्त असते, कवीला त्या सर्वस्व असतात. मात्र या दृष्टीलाही धरण्याचे अभंग जवळचे वाटतात आणि लाजेचे अभंग दूरचे. बंडखोर तुकोबा आपल्याला हवे असतात. चूक झाली म्हणणारे तुकोबा कीर्तनकारांकडे सोपवून आपण मोकळे होतो. कीर्तनकार धरणे चटकन उरकून साक्षात्काराकडे वळतो आणि समीक्षक धरण्यावर रेंगाळून साक्षात्कार टाळतो. दोघेही निम्मेच वाचतात.

माझ्या त्या विद्यार्थ्याचा प्रश्न सक्तीचा होता. सक्ती होती, असेच आता मला म्हणावेसे वाटते. तुकोबांनीच ते मान्य केले आहे, आपण त्यांच्या वतीने नाकारण्याचे कारण नाही. पण ज्याच्यावर सक्ती केली तो आधीच पाण्यात उभा होता, म्हणून ती सक्ती वाया गेली. वर्गात हे दोन्ही गट एकाच तासाला, एकापुढे एक वाचावेत अशी माझी अध्यापकबंधूंना विनंती आहे. गाथेची रचना कालानुक्रमाने नसली, तरी या प्रसंगाचे अभंग छापील गाथांत बहुधा जवळजवळच सापडतात. शोधायला फार पाने उलटावी लागत नाहीत. धरण्याचे अभंग मोठ्याने वाचले तरी चालतात, वर्गाला ते आवडतातच. पाण्यातल्या देवाचा अभंग मात्र मी अलीकडे मुलांनाच मनात वाचायला सांगतो, आणि वाचून झाल्यावर काही विचारीत नाही.